रांगेतली शेवटची जागा

या, असे जवळ येऊन बसा. बुवा कथेला हात घालतात तेव्हा कीर्तनातली माणसं आपसूक पुढं सरकतात ना, तसं सरका. गोष्ट सांगतो. देवाची नाही, संताचीही नाही. लातुरातल्या एका म्हाताऱ्याची, त्याच्या कुत्रीची आणि थोडी माझी. माझा भाग चांगला नाही, पण तो गाळला तर गोष्ट खोटी पडेल.

मी देविदास. एसटीत एकतीस वर्षं कंडक्टर होतो. पोराला हैदराबादला नोकरी लागली आणि जाताना तो त्याचा कारवान कुत्रा माझ्या गळ्यात टाकून गेला. नाव सुलतान. कारवान म्हणजे आपल्याच मुलखातली शिकारी जात: लांब तोंड, आत गेलेलं पोट, काडीसारखे पाय. ससा दिसला की मालक मागं फरफटत. माझी बायको कस्तुराबाई शेजारणींना सांगायची, "आमचे हे कुत्र्याला फिरवून राहिले का कुत्रा ह्यांना, तेवढं कुणी तरी मला सांगा."

शेजारच्या उज्वलाबाईंकडंही कारवान. त्या म्हणाल्या, "काका, आमच्या मंडळात या. रविवारी सहाला, औसा रोडच्या माळावर."

गेलो. दहा-बारा माणसं, तितकेच कुत्रे, एका मागं एक रांग लावून चाललेले. अध्यक्ष शिवशंकर, ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचं दुकान चालवणारा, बोलायला कडक. त्यानं पहिल्याच दिवशी बजावलं, "काका, नवा कुत्रा तीन रविवार रांगेच्या शेवटी. दुसऱ्याच्या कुत्र्याला हात लावायचा न्हाई, आन् त्याच्या अंगावर वाकायचं तर अजिबात न्हाई. कारवानला परका हात चालत नसतो."

शेवटी एकटाच चालणार असं वाटलं होतं. तर तिथं रेवणप्पा होते. सत्तरीचे, कपाळाला विभूती, हातातल्या दोरीला तांबूस रंगाची हरणी नावाची कुत्री. त्यांना शेवटी चालायची काही सक्ती नव्हती. चार वर्षांपासून ती जागा त्यांनीच मागून घेतली होती.

"नव्या माणसाला मागं एकटं वाटतंय बगा," ते म्हणाले. "दोरी ढिली सोडा, देविदासराव. तुमी वढता म्हणून त्यो वढतोय. तिकिटाचं मशीन न्हाई ते."

हसलो. दोरी ढिली सोडली. सुलतान शांत झाला. तीन रविवार संपले तरी मी शेवटीच राहिलो. चालता चालता मी कालच्या कीर्तनातलं सांगायचो, रेवणप्पा मान हलवायचे. ते मूळचे जळकोटचे. बायको गेली, लेक नांदते तिकडं हिमायतनगरला, हे लातुरात एका खोलीत. रविवारसाठी शनिवारीच दाढी करून ठेवायचे. एकदा म्हणाले, "खोलीवर घरमालक मला 'भाडेकरू' म्हणतोय, दवाखान्यात 'बाबा'. रविवारी तेवढी माणसं नावानं हाक मारतात."

एवढंच होतं त्यांचं. आठवड्यातले दोन तास.

माघात आमच्या गावी, शिरूर अनंतपाळला, सप्ताह असतो. मी तिथला टाळकरी. बुवांच्या डाव्या हाताला पहिली जागा माझी. मला वाटलं, मंडळाचा एक रविवार गावात व्हावा. गाडीनं गावाच्या वेशीपर्यंत, तिथून चालत गावात जायचं, सकाळचं काल्याचं कीर्तन ऐकायचं, काला घेऊन परतायचं. शिवशंकर म्हणाला, "कुत्रे मांडवात नेणार नसाल तर येतो." माझ्या भावाच्या गोठ्यात कुत्रे बांधायचं ठरलं.

त्या दिवशी गोठ्यापाशी पोचल्यावर रेवणप्पा म्हणाले, "मी थांबतो कुत्र्यांजवळ. तुमी जावा."

मी ऐकेना. इतके दिवस मी ज्याच्याजवळ कीर्तनं सांगत होतो त्यानं माझं गाव, माझा टाळ ऐकू नये, हे मला कसंसंच वाटलं. म्हणालो, "रेवणप्पा, तुम्ही येणार. उज्वलाबाई बघतील इथलं."

"हरणी माझ्याबगर ऱ्हात न्हाई. दोरी तोडती."

"मग तिलाही घ्या. मांडवाच्या कडेला लिंबाखाली बसा. देवाच्या दारात कोण परकं असतं?"

"माणसाचं बरोबर हाय वो," ते म्हणाले. "तिला गर्दी सोसत न्हाई."

"माझ्यासाठी या."

ते आले. माझ्यासाठी आले.

कीर्तन असं रंगलं की काय सांगू. बुवांचा आवाज चढला, मृदंग घुमला, माझ्या डोळ्याला धार. काला झाला आणि रिवाजाप्रमाणे माणसं एकमेकांच्या पाया पडू लागली, गळाभेट घेऊ लागली. लहान नाही, थोर नाही. मी टाळ गळ्यात तसाच ठेवून सरळ लिंबाखाली गेलो. रेवणप्पा उभे होते, डोळे मिटून. हरणी त्यांच्या पायाशी पडलेली. मला ती दिसली. खरं सांगतो, दिसली. पण त्या भरात मला वाटलं की आज सगळं एकच आहे. मी वाकलो. टाळ खणकन तिच्या कानाशी वाजले.

तिनं माझा हात धरला. एकदाच, आणि सोडला. रक्त आलं. लोक ओरडले, कुणीतरी मांडवाची काठी उपसली आणि हरणीच्या पाठीत घातली. एक, दोन, तीन. रेवणप्पा तिच्यावर आडवे पडले तेव्हा चौथी त्यांच्या खांद्यावर बसली.

मग सप्ताहाचे पंच आले. त्यांतले भागवत पाटील गरजले, "कुत्रं मांडवाशी आणलं कुणी? कुणाच्या परवानगीनं?" शिवशंकरही धावत आला. त्यानं मला विचारलं, "काका, झालं काय? तुम्ही वाकलात का?"

दोन वाक्यं बोलायची होती. मी आणलं. मी वाकलो. बस. पण समोर गाव होतं. पुढच्या वर्षी बुवांच्या डाव्या हाताला उभं कोण राहणार, हे त्या क्षणी माझ्या मनात आलं. दुसरं काही नाही, एवढंच आलं.

मी म्हणालो, "काही कळलंच नाही. एकदम झालं."

रेवणप्पांनी माझ्याकडं पाहिलं. रागानं नाही. मग शिवशंकरला म्हणाले, "कुत्री माजी हाय. चूक माजी. फुडच्या रविवारपासनं येत न्हाई आमी."

हाताला चार टाके पडले, सुया घेतल्या, बरा झालो. रविवार सुरू राहिले. पण रांगेच्या शेवटी गेलो की सुलतान थबकायचा आणि मागं वळून बघायचा. मागं नुसता माळ. त्या दिवसांत मी पुष्कळ कीर्तनं ऐकली. बुवा खरेपणावर बोलू लागले की मी चपला शोधण्याच्या निमित्तानं उठायचो.

तीन महिन्यांनी शिवशंकरला दुकानात गाठलं आणि सगळं सांगितलं. त्यानं हातातला पाना खाली ठेवला.

"काका, हे तेव्हाच बोलायचं होतं. तुमच्या तोंडाकडं बघून मी त्या माणसाला जाऊ दिलं."

त्याच दिवशी आम्ही दोघं रेवणप्पांच्या खोलीवर गेलो. कुलूप. घरमालक म्हणाला, भाडेकरू जळकोटला गेला. तसेच जळकोटला गेलो. रेवणप्पा बहिणीच्या, सिंधुबाईंच्या, ओसरीवर बसलेले होते. मला बघून हात जोडत उठले. "शरणु, देविदासराव! हात कसा हाय?"

मी तिथंच सांगितलं. सिंधुबाईंसमोर, शिवशंकरसमोर. ते ऐकत राहिले आणि मग हसले.

"मला ठाव न्हाई व्हय? पाय माजेच हुते की."

मला वर बघवेना. शिवशंकर म्हणाला, "रेवणप्पा, तुमची जागा रिकामी आहे. मंडळाच्या वतीनं माफी मागतो. चला."

"मी आलो आसतो," रेवणप्पा म्हणाले. "ही येत न्हाई."

हरणी दाराआड होती. शिवशंकर नुसता उठून उभा राहिला तर ती पोट जमिनीला घासत मागं सरकली. मागचा एक पाय ओढत होती. "त्या दिसापासनं चार माणसं एका जागी दिसली की अशी करती," ते म्हणाले. "तिला सोडून मी कसा येऊ? सकाळी आमी दोगंच जातो रस्त्यानं. रविवारी जरा लांब."

सिंधुबाईंनी चहा दिला. निघताना पाया पडावं असं फार वाटलं. पडलो नाही. हात जोडले, लांबूनच.

गावी मी पंचांना खरं सांगितलं. माझ्या जागी टाळ आता दुसरा कुणी वाजवतो, मी मांडवात मागं बसतो. पण त्यानं हरणीचा पाय सरळ होत नाही.

आता तुमच्याकडं एक मागणं. कधी रविवारी सकाळी जळकोटवरनं जाणं झालं, आणि रस्त्याच्या कडेनं दाढी केलेला एक म्हातारा लंगड्या तांबूस कुत्रीला घेऊन चाललेला दिसला, तर गाडी जरा लांब थांबवा. जवळ जाऊ नका, वाकू नका. लांबूनच हाक मारा. बाबा म्हणून नको. रेवणप्पा म्हणून. नाव तेवढं ध्यानात ठेवा.