एकाचंच जाऊ दे

"मास्तर आहेत का?"

दवाखान्यातून रजा घेऊन आलेली सिस्टर स्टुलावर चढून फळीवरचे खोके उतरवत होती. काठी टेकत आत आलेला म्हातारा तिने पूर्वी कधी पाहिला नव्हता. शिलाई मशीन अडले की लोक असेच थेट आत शिरत, म्हणून तिला विशेष काही वाटले नाही.

"मास्तर गेले, काका. महिना झाला. मी त्यांची मुलगी. दुकान आवरतेय."

म्हातारा जागच्या जागी थिजला. मग भिंत चाचपत गिऱ्हाइकांच्या बाकावर बसला.

"कुठलं मशीन होतं तुमचं?"

"मशीन नाही, बाई. युद्धात आम्ही शत्रूच्या कैदेत एका बराकीत होतो. सतरा महिने."

उतरताना सिस्टरचा तोल जाता जाता राहिला. बाबांच्या सोबत्यांपैकी एकानेही आजवर या दुकानाची पायरी चढली नव्हती. कारण उघड होते. शत्रूच्या रेडिओवरून बाबांनी कागद वाचला होता. 'आम्हाला इथे काही कमी नाही, आपलेच सरकार खोटे बोलतेय.' जेमतेम तीन मिनिटे. त्या तीन मिनिटांत आईला कळले की नवरा जिवंत आहे, आणि गावाला कळले की तो फितूर आहे. सुटून आल्यावर चौकशी झाली, सैन्यातली नोकरी गेली, पेन्शनही गेली. मग बाबा मशिनी दुरुस्त करू लागले. हातात कसब होते, त्यामुळे लोक मशिनी आणून देत. मान मात्र देत नसत. घरात रेडिओ कधीच आला नाही.

सिस्टरचे ठरलेले लग्न याच पायी मोडले, तेव्हा तिने विचारले होते, "बाबा, एकदाच सांगा. खरंच फितूर होतात का तुम्ही?"

बाबा सुईत दोरा ओवत होते. ओवून झाल्यावर त्यांनी चिंधीवर मशीन चालवून पाहिले. "टाका नीट पडतोय आता," एवढेच म्हणाले. तोच तिने होकार समजला. पुढची वीस वर्षे ती त्यांच्याशी 'जेवायला चला' आणि 'गोळी घेतली का' यापलीकडे बोललीच नाही.

"माझ्या पायात गोळी घुसली होती," म्हातारा सांगू लागला. "पाय सडायला लागला. वास असा, की शेजारचे भिंतीकडे तोंड करून पडायचे. तुझ्या वडिलांनी मला पाठुंगळी घेऊन शत्रूच्या दवाखान्यात नेलं. त्यांचा अधिकारी म्हणाला, औषध आहे, पण फुकट नाही. कुणीतरी रेडिओवर वाचावं लागेल. खोलीत आम्ही दोघंच होतो. मास्तर म्हणाले, 'आणा कागद.' रोज एक इंजेक्शन मिळालं. अकरा दिवस."

"चौकशीत हे का नाही सांगितलं त्यांनी?"

"'घाबरलो म्हणून वाचलं,' असं सांगितलं. माझं नाव घेतलं असतं तर मीही त्यात ओढला गेलो असतो. मला आधीच बजावलं होतं, 'एकाचंच जाऊ दे. तुझ्या घरी तान्हं लेकरू आहे.'"

"आणि तुम्ही?"

"मला पेन्शन मिळाली. पदक मिळालं." म्हाताऱ्याने मान खाली घातली. "माजी सैनिकांच्या मेळाव्यात लोक त्यांच्या नावानं थुंकायचे, पोरी. मी तिथंच बसलेलो असायचो."

सिस्टर बाबांच्या रिकाम्या खुर्चीकडे वळली. हा माणूस पन्नास वर्षे गप्प बसला. आणि आपण? आपण घरात राहून वीस वर्षे त्यांना शिक्षा देत होतो.

"परवा मेळावा आहे," म्हातारा म्हणाला. "त्यांना शेजारी उभं करून सगळं सांगायचं, असं ठरवून आलो होतो. आता ते नाहीत, तर..."

"तर मी येते. मी उभी राहते शेजारी. एक शब्द गाळायचा नाही."

म्हातारा उठायला गेला आणि कळवळून खाली बसला. विजारीच्या पायाला ओला डाग पडला होता. "दोन-चार वर्षांनी उघडतो हा जुना घाव," तो ओशाळून म्हणाला.

सिस्टरने हात धुतले, पर्समधून औषध आणि पट्टी काढली आणि जमिनीवर बसून त्याचा पाय मांडीवर घेतला. नडगीत अंगठा मावेल एवढा जुना खड्डा होता. याच पायासाठी बाबांचे नाव गेले होते. ती तो खड्डा पाहत राहिली. मग हलक्या हाताने जखम पुसू लागली.

"पोरी, मला माफ करशील?"

ती पट्टी गुंडाळू लागली. दवाखान्यातल्या इतक्या वर्षांच्या नोकरीत तिला कधी गाठ पुन्हा बांधावी लागली नव्हती. आज मात्र पट्टीची गाठ दोनदा सुटली. तिसऱ्यांदा बसली.

"पट्टी भिजवू नका," ती म्हणाली. "परवा या पायावर उभं राहायचंय तुम्हाला."