अकरा वर्षांचा उपास

चर्चमधल्या रविवारच्या मिस्सेत, म्हणजे उपासनेत, ख्रिस्तप्रसाद घ्यायला माणसं उठू लागली, की तेलेसिआ गुडघे एका बाजूला वळवून वाट करून द्यायची. शाळेतले मास्तर जायचे, मासे विकणारा फिलिपो जायचा, आदल्याच दिवशी शेजारणीशी कचाकचा भांडलेली मालोतासुद्धा हात जोडून जायची. ती सगळी मिटल्या ओठांनी परत यायची, आणि तेलेसिआ त्या ओठांकडे बघत राहायची. टारोच्या कंदांनी आणि नारळाच्या दुधाने भागणारी ही भूक नव्हती. अकरा वर्षं ती या भुकेने झुरत होती.

कारण सगळ्या गावाला ठाऊक होतं. इओआने नावाचा तिचा नवरा मारकुटा. एकदा त्याने तिचा हात मोडला, तेव्हा ती माहेरच्या गावी निघून आली. पुढे कोर्टातून फारकतही झाली. आल्यावर पहिल्याच रविवारी ती वेदीकडे निघाली, तर सेउला आत्याने मनगट धरून तिला खाली बसवलं.

"कुठे निघालीस? नवरा सोडलेल्या बाईला प्रसाद चालत नाही. चारचौघांत शोभा करून घेऊ नकोस!"

आमच्या सामोआ बेटांवर बापाच्या बहिणीचा शब्द कुणी खाली पडू देत नाही. तेलेसिआ बसली ती बसलीच. स्वतःच्या आईच्या अंत्यविधीच्या मिस्सेतही ती तशीच बसून राहिली, आणि त्या दिवशी तिला आधी आईला आणि आता देवाला, असे आपण दुसऱ्यांदा पोरके झालो असं वाटलं.

चर्चचं काम मात्र तिने सोडलं नाही. वेदीवरची वस्त्रं दर शनिवारी तीच धुवायची. त्यांना प्रसादाचे कण लागलेले असतील म्हणून त्यांचं पहिलं पाणी मोरीत सोडत नाहीत, मातीत ओततात. तेलेसिआ ते चर्चमागच्या जास्वंदीच्या बुंध्याशी ओतायची, आणि ओतण्याआधी पातेलं उगाचच जरा वेळ छातीशी धरून उभी राहायची.

गावात नवीनच आलेल्या म्हाताऱ्या फादर पासिकालेंनी एका शनिवारी ते पाहिलं.

"तेलेसिआ, दोन महिने बघतोय. या झाडाला मिळतं, मग तू का गं उपाशी?"

ती ओशाळली. "मी नवऱ्यापासून वेगळी झालेय, फादर. कागदोपत्री."

"बरं. दुसरा घरोबा केलास?"

"छे! एकाने पोट भरलं की माझं."

फादर खो खो हसले, मग एकदम गंभीर झाले. "मग तुला अडवलंय कुणी?"

"नियमाने."

"कुठल्या? मार चुकवायला वेगळं होणं हे पाप नाही, पोरी. मार खात राहा असं चर्च कुणालाही सांगत नाही. फारकत झाली म्हणून प्रसाद बंद होत नाही. ज्याचं त्याचं पापनिवेदन करायचं आणि यायचं, जसं मी करतो, तसंच तू. अगं, एकदा येऊन विचारायचं तरी!"

अरेरे, अकरा वर्षं! आणि उत्तर मिळायला दोन मिनिटंही लागली नव्हती. तेलेसिआने तिथेच पापनिवेदन केलं आणि ओल्या हातांनीच तरातरा आत्याचं घर गाठलं. आत्या चटई विणत बसली होती.

"आत्या, तो नियम तुला कुणी सांगितला होता?"

"कुठला? तो होय! माझ्या आईने. सगळेच तसं म्हणायचे."

"तू कुणा फादरना विचारलं होतंस?"

आत्याचे हात थांबले. "त्यात विचारायचं काय?"

"असा नियमच नाही! तुझ्या ऐकीव गोष्टीपायी मी आईलासुद्धा उपाशीपोटी निरोप दिला!" आणि आयुष्यात पहिल्यांदा ती आत्याकडे पाठ फिरवून निघून गेली.

रविवारी सकाळी उठली तेव्हाही राग तसाच धुमसत होता. वाट मोकळी झाली होती, पण एवढी आग पोटात घेऊन वेदीपुढे कसं जायचं? आजही आपण बसूनच राहणार, हे तिला कळून चुकलं आणि तिला रडू कोसळलं.

तेवढ्यात तिची नजर अंगणात गेली. ओल्या गवतात कुणीतरी मांडी घालून बसलं होतं, डोक्यावरून घरातली सगळ्यात बारीक विणीची चटई ओढून. मोठा अपराध घडला की आमच्याकडे घराण्याचे प्रमुख असेच समोरच्याच्या दारात येऊन बसतात. समोरच्याने चटई उचलली तर माफी, नाही उचलली तर बसून राहायचं. पण आत्याने भाचीच्या दारात? असं गावाने कधी पाहिलं नव्हतं! पांढऱ्या कपड्यांत चर्चला निघालेली माणसं रस्त्यातच थबकली.

तेलेसिआ दाराशी उभी राहिली. बसू दे, असं तिला वाटलं. अकरा वर्षांतला निदान एक तास तरी बसू दे. मग चटईखालून दम्याचा बारीक घरघर आवाज आला, आणि तिला राहवेना. तिने चटई उचलली. आत्याचा चेहरा रडून सुजला होता.

"मला तुझी लाज राखायची होती गं," आत्या म्हणाली. "देवाला मी विचारलंच नाही."

"ऊठ. गवत ओलं आहे, पुन्हा दमा उसळेल." तेलेसिआने तिला हाताला धरून उठवलं. "चल, मिस्सेला जाऊ."

"तू जा. मी मागे बसते. माझ्यासारख्या पापिणीने आता कुठल्या तोंडाने प्रसाद घ्यायचा?"

"झालं! पुन्हा आपलं आपणच ठरवलंस?" तेलेसिआ ओरडली, आणि ओरडता ओरडताच हसली. "अजून अर्धा तास आहे. फादर पापनिवेदनाला बसले असतील. आधी त्यांना विचार!"

त्या दिवशी दोघी एकामागोमाग वेदीपुढे उभ्या राहिल्या. फादर म्हणाले, "ख्रिस्ताचं शरीर." तेलेसिआला "आमेन" म्हणायला इतका वेळ लागला, की मागची रांग खोळंबली. कुणीही घाई केली नाही.

वाचकहो, धर्माचे नियम माहीत नसणं हा गुन्हा नाही. पण माहीत नसताना ते दुसऱ्यावर लादणं हा मोठा अन्याय आहे, मग तो कितीही मायेपोटी केलेला असो. शंका आली तर जाणत्याला विचारा. तुमच्या एका ऐकीव वाक्यावर विश्वास ठेवून कुणीतरी आजही मागच्या बाकावर उपाशी बसलं असेल. त्याची गेलेली वर्षं तुम्हाला परत देता येणार नाहीत. येता रविवार मात्र देता येईल.