गॅरंटरची सही

ऊर्मीने कन्झ्युमर प्रपोझल दाखल केलं, ते कुणालाही न सांगता. घटस्फोटानंतर स्कारबरोतल्या अपार्टमेंटचं भाडं आणि मुलीची फी तिच्या एकटीच्या पगारात बसेना. काही वर्षं तिने क्रेडिट कार्डांवर रेटलं, मग बँकांशी ही कायदेशीर तडजोड करायची वेळ आली. ही तडजोड करून देणाऱ्या ट्रस्टी बाईंनी नीट समजावलं होतं, "आता व्याज थांबेल. कुणी कोर्टात खेचणार नाही, पगाराला हात लावणार नाही. पण क्रेडिट रिपोर्टवर नोंद राहील. हप्ते फिटेपर्यंत, आणि त्यानंतरही काही वर्षं." ऊर्मीने कार्डं त्यांच्या टेबलावर ठेवली आणि ती बसने घरी आली. वसुलीचे फोन बंद झाले. मराठी मंडळाच्या कार्यक्रमांना जाणं तिने आधीच सोडलं होतं. त्यामुळे आता फोन यायचा तो फक्त अनन्याचा.

अनन्या ग्वेल्फला शिकत होती. एका संध्याकाळी फोनवर ती उड्या मारतच बोलली, "आई, घर मिळालं! आम्ही चौघी मिळून घेतोय. लँडलॉर्डला पेरेंटची गॅरंटी हवीय. लिंक पाठवलीय, जस्ट साइन कर."

"बघते," ऊर्मी म्हणाली. पुढे नुसत्या सबबी: आधी वेळ झाला नाही, मग लिंक उघडत नाही.

"व्हॉट इज गोइंग ऑन, आई? बाकीच्यांचं झालंय. माझ्यामुळे घर जाईल!"

तेव्हा कुठे ऊर्मीने सांगून टाकलं. सही केली तरी क्रेडिट तपासल्यावर लँडलॉर्ड ती मान्य करणार नाही, हेही सांगितलं.

"यू शुड हॅव टोल्ड मी," अनन्या म्हणाली. आणि जरा थांबून, "मी बाबांना विचारते."

उन्मेषने त्याच दिवशी सही केली. सामान हलवायला ट्रक घेऊन तोच येणार होता, त्याची नवी बायकोही.

"तू नंतर ये ना, आई. आत्ता ऑकवर्ड होईल."

"हो गं, बरोबर आहे," ऊर्मी म्हणाली. सामान हलवायच्या दिवशी तिने उगाचच सगळं घर पुसून काढलं.

पुढच्या शनिवारी ती थालीपीठांचा डबा घेऊन ग्वेल्फला गेली. दार अक्षताने उघडलं. ही नागपूरची मुलगी, अनन्याची रूममेट.

"या काकू! अनन्याची शिफ्ट लांबलीय. तुम्हाला बरं वाटतंय ना आता? ती म्हणाली, आजारी होतात म्हणून मूव्हिंगला आला नाहीत."

ऊर्मी उंबऱ्यातच थबकली. लेकीने आईची लाज झाकली होती की स्वतःची, कोण जाणे.

"हो," ती म्हणाली, "आता बरी आहे."

ती किचनमध्ये वाट बघत बसली. मुली येत-जात राहिल्या, हसून हॅलो म्हणत राहिल्या. अनन्या आली तेव्हा अंधारलं होतं. दोघींनी ओट्याशी उभ्यानेच थालीपीठं खाल्ली, क्लासेसबद्दल बोलल्या. आजाराचा विषय ऊर्मीने काढला नाही.

ऊर्मी बससाठी निघाली तेव्हा अक्षता जिन्यावरून ओरडली, "काकू, तब्येतीला जपा हं!"

अनन्या मान खाली घालून चावी शोधू लागली.

"जपते गं," ऊर्मी म्हणाली, आणि बूट चढवायला खाली वाकली.