धोंडुबाईच्या टीव्हीत आमचे फाटक

सत्त्याण्णव साली आमच्या पेणच्या घराच्या फाटकावर कॅमेरा बसला, तो चोरांसाठी नव्हता. लोकांना तसे सांगितले होते, इतकेच. तो ह्यांच्यासाठी होता. हयातभर शाळेत गणित शिकवलेल्या माझ्या यजमानांना आता वार आठवत नसे, गाव आठवत नसे, क्वचित मीही आठवत नसे. आणि दुपारी घर पेंगुळले की ते फाटकाकडे चालू लागत. ही गोष्ट उंबऱ्याबाहेर जाऊ द्यायची नाही, असा माझा हुकूम होता. ज्यांना पाहून रस्ता उठून उभा राहत आला, त्यांच्याकडे त्याच रस्त्याने कीव करून पाहावे, हे मला मंजूर नव्हते.

कॅमेऱ्याचे चित्र आमच्या माजघरातल्या टीव्हीवर येई. करडे, निःशब्द. त्यात अंगण खाडीवरच्या धुक्यात बुडाल्यासारखे दिसे. जास्वंदीला रंग नसे, पाने पाण्याखाली हलावीत तशी हलत, आणि हे त्या धुक्यातून असे चालत, जणू कोणाच्या तरी स्वप्नातून निघाले आहेत. मी तासन् तास ते पाहत बसे.

मग रोह्याला बहिणीच्या नातवाचे बारसे निघाले. मला जाणे भाग होते. मुलगा अंबरीश कंपनीत शिफ्टला. सून तनया एकटी, स्वयंपाक आणि मूल सांभाळणार की टीव्हीपुढे बसणार?

अंबरीश म्हणाला, "आई, चित्र धोंडुबाईंच्या टीव्हीत देऊ."

"आमचे फाटक म्हणजे तमाशाचा फड नव्हे."

"तू परत येईपर्यंतच. चोरांसाठी आहे, असंच सांगू."

धोंडुबाई म्हणजे भिंतीपलीकडची शेजारीण. माहेर हमरापूरचे, पडवीत बसून गणपतींचे डोळे आखते, आणि शेजारी टीव्ही चालू असतो. पण तिची केबल एकाची, आमची दुसऱ्याची, आणि त्या दोघा केबलवाल्यांत विळ्याभोपळ्याचे सख्य. एकाच्या वायरीतून दुसऱ्याच्या घरात काही जाणे नाही. अंबरीशने शेवटी फणसाच्या फांदीवरून स्वतःची निराळी वायर ओढली आणि तिच्या टीव्हीला एक खटका लावून दिला. खटका इकडे केला की मालिका, तिकडे केला की आमचे फाटक.

"काकी," धोंडुबाई हसली, "मालिका सोडून तुमचं फाटक बघायचं व्हय? बरंय. त्यात जाहिराती तरी नायत."

"फाटकच पाहायचे, धोंडुबाई. घर नव्हे."

"नाय गो बाय, घर कशाला बघू?"

बारशाच्या दिवशी पाळण्याची गाणी रंगात आली असताना तनयाचा फोन आला. तिला रडू आवरत नव्हते. बाबा दारात येऊन नेहमीसारखे "येतो" म्हणाले, आणि भाकरी थापता थापता तिने नेहमीसारखे "या" म्हटले. म्हटल्यावर भान आले. धावत गेली, तर फाटक उघडे. रस्त्यावरच्यांनी त्यांना पाहिले होते, पण धोतर-टोपीतला वडीलधारा माणूस निघाला असता "कुठे?" म्हणून अपशकुन कोण करणार? कोणीच विचारले नाही.

"धोंडुबाईंकडे गेले, तर त्याही नाहीत. टीव्ही तेवढा चालू आहे, आई. त्यात आपलं फाटक उघडं आहे आणि कोणीच नाही."

मी ओटीचे तबक तसेच ठेवून रोहा स्टेशन गाठले. पेणकडे जाणारी गाडी यायची होती. फलाटावर बसले, तर रूळ, डोंगर, ऊन, सारे करडे होत गेले, आणि त्या करड्या चित्रात माझे रिकामे फाटक हलत राहिले. खाडीचा रस्ता धरला असेल का? धरमतरला भरती असेल का?

इतक्यात पेणकडूनची पॅसेंजर आली. अलीकडच्या निडी स्टेशनाच्या बाजूने येणारा वारा तिच्याबरोबर फलाटावर शिरला. एका डब्यातून हे उतरले, सावकाश, टोपी नीट करीत. मागून धोंडुबाई, हातांना काळा रंग, कुंचला अजून कानावर.

ह्यांनी मला पाहिले आणि ओळखले. "न्यायला आलो," म्हणाले.

मी धोंडुबाईकडे वळले. मग आवाज चढवूनच बोलले, "धोंडुबाई, घरी का वळवले नाहीस ह्यांना?"

"हात धरला असता तर काका वरडले असते. चार लोकांत शोभा झाली असती." ती हळू बोलली. "टीव्हीत दिसले तशी मागं धावले, तर काका बोलले, काकीला आणाय रोह्याला चाललो. मी बोलले, मलापन रोह्यालाच जायचाय. गाडी सुटाय आलेली, तनयाला सांगाय येळ नाय गावला."

"म्हणजे तुला ठाऊक होते?"

"दोन वर्षं. तुम्ही झाकलंत, म्हणून मीपन बघितलं नाय."

तेवढ्यात ह्यांनी तिच्या कानावरचा कुंचला काढून नीट पाहिला आणि परत ठेवला. "डोळे राहिलेत," म्हणाले. धोंडुबाई म्हणाली, "राहू दे काका, गणपती थांबतो."

मी परतले तरी वायर उतरवली नाही. आता आमच्या घरात ह्यांना कोणीही "या" म्हणत नाही. ते फाटकापाशी येतात, वर कॅमेऱ्याकडे पाहून "येतो" म्हणतात, आणि उत्तराची वाट पाहत उभे राहतात; तेवढी रीत त्यांच्यात शिल्लक आहे. मग भिंतीपलीकडून हाक येते, "काका, च्या ठेवलाय, घोटभर घेऊन जावा!" आणि हे वळतात.

काल बाजाराला निघताना फाटकापाशी मीच थबकले. वर पाहून म्हटले, "येते."

"या गो काकी," भिंतीपलीकडून आवाज आला.