तीस पावलांतली अठरा माझी

मी एक जुना वॉकर आहे. हिंगोलीतल्या एका पुनर्वसन केंद्रात राहतो. ज्यांच्या अंगावरून वारं गेलं, ज्यांची हाडं मोडली, त्यांना इथे पुन्हा चालायला शिकवतात. मला स्वतःला चालता येत नाही. कोणी उचलून पुढे ठेवलं, तरच मी पुढे जातो. तरी बारा वर्षं मी लोकांना चालायला शिकवतो आहे. मित्रांनो, असे मास्तर तुम्हीही पाहिले असतील.

माझा जन्म कारखान्यात झाला. ॲल्युमिनियमच्या नळ्या होत्या, त्या वाकवल्या, चार पायांना रबरी टोप्या घातल्या आणि म्हणाले, जा. बालपण एवढंच. केंद्राच्या उद्घाटनाला मला हार घातला होता. गळा नसल्यामुळे तो घसरून पडला, आणि फोटो नेमका तेव्हाच निघाला. त्यानंतर हार नाही. टॉवेल मात्र रोज वाळत घालतात. सहा वर्षांपूर्वी माझ्या चौथ्या पायाची टोपी हरवली. तेव्हापासून माझी चाल टक, टक, टक, ठण्ण अशी आहे. खेड्यातले पेशंट मला घोडं म्हणतात. मी रागावत नाही. रागवायलाही अंगात जोर लागतो.

गेल्या हिवाळ्यात सेनगावकडच्या एका तांड्यावरून भिकाबाई आली. वय सत्तरच्या पुढे, डावं अंग लुळं. सोबत लेक शिला. तांड्यात आईला याडी म्हणतात. शिला दिवसभर "याडी, पाय उचल, याडी, पाय उचल" म्हणायची आणि खाटेखाली सतरंजी टाकून झोपायची. आठवड्याभरात तिचाच चेहरा पेशंटसारखा दिसू लागला. एकदा नर्सने चुकून तिचाच बीपी घेतला. तो जास्त निघाला.

डॉक्टर रोज सकाळी यायचे आणि विचारायचे, "काय मावशी, कसं आहे?"

भिकाबाई उजव्या हाताने पदर डोक्यावर ओढायची आणि म्हणायची, "बराबर हाय. तुमी बसा ना. शिला, साहेबाला चहा सांग."

डॉक्टर लिहायचे, तक्रार नाही. मग ती मला धरून उभी राहायची आणि माणसांसमोर लाज नको म्हणून दात आवळून दाराकडे निघायची. डॉक्टर मोजायचे. बाराव्या दिवशी त्यांनी लिहिलं, "वॉकर धरून तीस पावलं. उद्या सुट्टी."

मित्रांनो, मी कधी खोटं बोललो नाही, कारण मी बोलतच नाही. पण त्या तीस पावलांतली अठरा माझी होती. तिचा सगळा भार माझ्यावर होता. डावा पाय नुसता मागून फरपटत यायचा, बाजाराला नेलेल्या हट्टी बकरीसारखा. आणि मी केंद्राचा. ती घरी जाणार होती ती माझ्याशिवाय.

शिला डॉक्टरांच्या टेबलापाशी जाऊन उभी राहिली. मी भिंतीला टेकून ऐकत होतो.

"साहेब, इतक्या लवकर काहून सुट्टी? ती घरी पडंल."

"ताई, खाटा आठ आहेत आणि वाट बघणारे वीस. मावशी स्वतःच म्हणतात, तकलीफ नाही."

"आमच्या तांड्यात पाहुण्याला तकलीफ सांगत न्हाईत. दारात आलेल्याला बराबर हाय म्हणावं लागतं. ती रीत हाय."

"मी पाहुणा? दवाखाना माझा आहे."

"दवाखाना तुमचा असंल. खाट तिची हाय. खाटेपाशी येईल तो पाहुणाच."

डॉक्टर वाईट नव्हते. नुसते दमलेले होते. ते म्हणाले, "पण चालतात ना त्या?"

"तुमच्या फरशीवर चालती. आमच्या घराला हा एवढा उंबरा हाय, अन् संडास अंगणाच्या पल्याड."

"मला इथे बसून तुमचा उंबरा कसा दिसणार, ताई?"

शिला टेबलापासून वळली. आईला नर्सच्या, म्हणजे पुजाताईंच्या हवाली केलं आणि दुपारच्या गाडीने गावाकडे गेली. मला वाटलं, हरली बिचारी.

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता ती परत आली. डोक्यावर उंबरा होता.

घराचा उंबरा, मित्रांनो. सागवानी, साडेतीन फूट लांब, हळदीकुंकवाची बोटं उठलेला. सबलीने चौकटीतून उखडून आणला होता. तांड्यावर तिचे काका शंकरसिंग आडवे आले म्हणे, "घराचा उंबरा कोणी दवाखान्यात नेतं का?" ती म्हणाली, "काका, घरचं माणूस नेलं तवा तर कोणी आडवं आलं न्हाई." मग काकांनीच तो जीपपर्यंत उचलून दिला. जीपमध्ये त्याला पाय लागू नये म्हणून सेनगाव ते हिंगोली सगळी माणसं पाय वर घेऊन बसली होती. ड्रायव्हर सुदामनेही घ्यायचा प्रयत्न केला, पण ब्रेक लागेना.

शिलाने उंबरा वॉर्डाच्या मधोमध ठेवला. हलू नये म्हणून कोणी वर बसावं, तर उंबऱ्यावर बसत नाहीत. मग दोन्ही टोकांना पाण्याच्या कॅन टेकवल्या. तेवढ्यात डॉक्टर घाईघाईने आले, समोर उंबरा दिसला, थबकले, वाकून बोटं टेकवली, कपाळाला लावली आणि पलीकडे गेले. मग त्यांच्या लक्षात आलं की इथे काल उंबरा नव्हता.

"हे काय आहे?"

"तुमाला दिसत नव्हता ना साहेब, म्हणून आणला," शिला म्हणाली. "चल याडी. घरात ये."

भिकाबाईने मला धरलं. टक, टक, टक, ठण्ण. मला उचलून पलीकडे ठेवलं. उजवा पाय पलीकडे आला. डावा मागेच अडकला. उंबऱ्यावर पाय टेकवून आली असती, तर जमलं असतं. पण त्याच उंबऱ्यावर माप ओलांडून ती सून म्हणून घरात आली होती. पन्नास वर्षांत तिने त्याला पाय लावला नव्हता. ती हिसका देऊ लागली. माझ्या नळ्या थरथरल्या. मी लटपटतोय असं मला वाटलं, पण थरथर तिची होती.

"मावशी, काय होतंय?" डॉक्टरांनी विचारलं.

"बराबर..." ती म्हणाली, आणि थांबली. अर्धी घरात, अर्धी बाहेर. खाली आपल्याच उंबऱ्याकडे बघत तिने सांगितलं, "न्हाई जमत, साहेब. पाय माझा न्हाईच वाटत. पहिल्या दिवसापासून."

डॉक्टरांनी तिला धरून बसवलं. मग कागद घेतला, "तक्रार नाही" खोडलं आणि सुट्टीऐवजी आणखी चौदा दिवस लिहिले. शिला तिथेच भिंतीला टेकून बसली आणि बसल्याबसल्या झोपली. पुजाताईंनी माझ्यावरचा टॉवेल काढून तिच्या अंगावर टाकला.

चौदा दिवस उंबरा वॉर्डात राहिला. बाकीचे पेशंटही त्यावरून पाय टाकायला शिकले. तिकडे तांड्यावर घराला उंबरा नसल्यामुळे बकऱ्या आत येऊन राहू लागल्या. तेराव्या दिवशी भिकाबाईचा डावा पाय उंबऱ्याला घासून, पण न अडकता पलीकडे पडला. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. सगळे दमले होते.

निघताना डॉक्टरांनी सवयीने विचारलं, "कसं आहे, मावशी?"

भिकाबाईने पदर ओढला, लेकीकडे बघितलं आणि म्हणाली, "गुडघा दुखतो. खांदाबी. तुमी बसा, सांगते."

डॉक्टर बसले. पाऊण तास बसले. सुदामची जीप दारात हॉर्न वाजवून थकली.

मग आईला डावीकडून शिलाने धरलं, उंबरा सुदामने उचलला. मी भिंतीपाशी राहिलो. संध्याकाळपर्यंत माझ्यावर दोन टॉवेल आले.

मित्रांनो, घरातल्या म्हाताऱ्या माणसाला कसं आहे विचारलं की पहिलं उत्तर रीतीचं मिळतं. तेवढ्यावर उठू नका. बसा आणि पुन्हा विचारा. आणि या बाजूला कधी आलात, तर एक रबरी टोपी घेऊन या. मला कोणी कसं आहे विचारत नाही. म्हणून मीच सांगतो, चौथा पाय दुखतो.