पॉवर प्रेसवरच्या चिपचा दसरा

मित्रांनो, तुमच्या अंगठ्याच्या नखाएवढी मी एक चिप आहे. वय चार वर्षं, म्हणजे आमच्या जातीत जुनीच. वाळूतल्या सिलिकॉनपासून मी घडले आणि नाशिकला, अंबडच्या एका कारखान्यात, पॉवर प्रेसवरच्या कॅमेऱ्यात येऊन बसले. प्रेस म्हणजे पत्रा दाबून त्याला आकार देणारं यंत्र. पत्रा कोणता आणि बोट कोणतं, हे त्याला कळत नाही. ते कळावं म्हणून मी.

माझ्या पोटात दोन बिऱ्हाडं आहेत. एकीकडे चार साधे कोअर, म्हणजे सगळा कारभार बघणारे छोटे मेंदू. ते घरातल्या आईसारखे. दूध उतू जातंय का, दार लागलंय का, पोर कुठे गेलं, सगळीकडे लक्ष. दुसरीकडे अ‍ॅक्सिलरेटर. त्याला फक्त गुणाकार-बेरजा येतात, पण हजारो एका दमात. त्यांच्याच जोरावर तो चित्रातला हात ओळखतो. तो 'हात!' म्हणाला, की कोअर प्रेस थांबवतात. भिंतीला भिंत लागून घरं, त्यामुळे निरोपाला वेळ लागत नाही.

आले तेव्हा माझं कौतुक झालं. पुढे मी कधी सावलीलाच हात समजून प्रेस थांबवू लागले, तशी बोलणी बसू लागली.

"हिच्यापायी माल निघत नाय," सुपरवायझर वाल्मीकभाऊ म्हणायचे.

"असू द्या भाऊ," प्रेस चालवणारी उज्वला म्हणायची, "बोटं काय परत उगवतात?"

यंदा दसऱ्याला यंत्रांची पूजा झाली. वाल्मीकभाऊंनी प्रेसला झेंडूचा हार घातला आणि मोठ्या मायेने माझ्या कॅमेऱ्यालाही हळदकुंकू लावलं. नेमकं काचेवर!

दुसऱ्या दिवशी प्रेस सुरू करायला उज्वलाने पायाने पेडल दाबलं. अ‍ॅक्सिलरेटरने लाल धुक्यात पाहिलं आणि बिनधास्त सांगितलं, 'हात नाही.' पण कोअरना ते पटेना. पेडल दाबलं गेलंय, म्हणजे समोर माणूस आहे. मग चित्रात कुणीच कसं नाही? त्यांनी प्रेस सुरूच होऊ दिली नाही.

"काल पूजा केली अन् आज रुसली!" वाल्मीकभाऊ वैतागले. "हिला काढतोच. प्रेस थेट पेडलला जोडतो."

"थांबा हो जरा. का अडलीय ते तरी बघू." उज्वला स्टुलावर चढली आणि खळखळून हसली. "अहो भाऊ, तुम्ही हिच्या डोळ्यात कुंकू घातलंय!"

"मंग कुंकू कपाळाला नाय तर काय पायाला लावू?" भाऊ पुटपुटले, पण मऊ फडकं त्यांनीच आणून दिलं.

त्याच दुपारी एक पत्रा साच्यात अडकला. उज्वलाचा हात सवयीने आत गेला, आणि पाय पेडलवरच राहिला. अ‍ॅक्सिलरेटर ओरडला. कोअरनी ब्रेक लावला. साचा तिच्या बोटांच्या वीतभर वर थबकला.

उज्वलाने हात बाहेर ओढला. पाचही बोटं तिने एकेक करून हलवून पाहिली.

"सकाळी थेट जोडलं असतं तर..." वाल्मीकभाऊ म्हणाले. मग ते स्वतः जाऊन तिच्यासाठी चहा घेऊन आले.

मित्रांनो, आमची पूजा जरूर करा, पण आमचा डोळा स्वच्छ ठेवा. आणि चिप असो की चिमुरडं, कुणी अडून बसलं तर त्याला आधी बाजूला सारू नका. जवळ जाऊन बघा. कदाचित ते तुम्हालाच जपत असेल.