दोन वेशींची चुकामूक

बाजारात सगळे तिला टेलरबाई म्हणत, आणि लग्न झाल्यावरही तिच्या नवऱ्याला दुसरं काही म्हणायला जमेना. त्याचं सलून तिच्या दुकानाला चिकटून होतं. मधली भिंत इतकी पातळ, की तिचं मशीन थांबलं की पलीकडची कात्री ऐकू यायची. कित्येक वर्षं त्यांचं बोलणं "टेलरबाई, पाणी आलं का हो?" आणि "रेडिओ जरा बारीक करा" एवढंच होतं. मग त्याची बायको आजारपणात गेली आणि रेडिओ बंद पडला. बरेच महिने तो बंदच राहिला. शेवटी तिनेच एका दुपारी भिंतीवर टकटक केली. "लावा की आता, मला शिवायला सुचत नाहीये." तिथूनच सगळं जमलं, असं त्याची मुलगी येईल त्याला रंगवून सांगायची.

टेलरबाई पन्नाशीच्या पुढची होती आणि तिचं हे पहिलंच लग्न. नोंदणी कार्यालयातून बाहेर पडल्यावर पायऱ्यांवरच त्याने विचारलं, "कुठे फिरायला जाऊ या का? मला सायकलवरून जायला आवडतं. म्हणजे, तुमची हरकत नसेल तर."

"मला सायकल येत नाही," ती म्हणाली.

"मग राहू दे."

"राहू दे कशाला? शिकते की."

त्याच्या मुलीने तिला शाळेच्या मैदानावर शिकवलं. ही लग्न झालेली, पोक्त मुलगी सीट धरून मागे धावायची आणि ओरडायची, "मावशी, खाली बघू नका! समोर बघा, समोर!" टेलरबाई दोनदा झुडपात गेली आणि एकदा शाळेच्या फाटकावर आदळली. पण वाटेल तेव्हा उतरता येऊ लागल्यावर तिची भीती गेली. छत्रीच्या जाड कापडाच्या पिशव्या तिने स्वतः शिवल्या, मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंना अडकवायच्या. दोघांच्या पँटींना बसायच्या जागी आतून मऊ अस्तरही लावलं. त्या पँटी घालून तो सलूनभर फिरून आला आणि म्हणाला, "यात सिंहासनावर बसल्यासारखं वाटतंय हो."

असे ते निघाले.

रस्ता छान होता. दोन्ही बाजूंना कापणीला आलेलं गव्हाचं शेत, मध्येच एखादं तळं, एखादी गाय मान वर करून बघणारी. गाड्या क्वचितच. लांबून टेकाडावर एखादं जुनं तटबंदीचं गाव दिसायचं. आधी बुरूज दिसायचे, मग दगडी भिंत, मग वेस. तिथे पोचेपर्यंत ऊन कलायचं. आत गेलं की गल्ल्या इतक्या अरुंद, की हँडल भिंतीला घासेल या भीतीने ती खाली उतरून चालायची.

चढ आला की तो पुढे निघून जायचा आणि वर पोचून तिची वाट बघत उभा राहायचा, हातात पाण्याची बाटली उघडी धरून. "गिअर हलका करा! अजून हलका!" असं वरून सांगायचा. ती धापा टाकत पोचली की पाणी द्यायचा आणि दुसरीकडे बघायचा, म्हणजे तिला घाम पुसताना अवघडल्यासारखं होऊ नये. तिला ते कळायचं. असं कोणी आपल्यासाठी थांबतं, याची तिला सवय नव्हती. एक-दोन चढ तर तिने उगाचच हळू काढले.

त्याला रस्ता तळहातासारखा माहीत होता. "या वळणानंतर विहीर आहे. पुढच्या गावात पाव ताजा मिळतो." तिला वाटलं, माणूस किती तयारी करून आलाय.

मग एका संध्याकाळी ते एका तटबंदीच्या गावात मुक्कामाला थांबले. तो अंगणात सायकलींना कुलूप लावत होता, ती पिशव्या घेऊन आत गेली. घरमालकीण म्हातारी होती, चष्मा कपाळावर चढवलेला. तिने टेलरबाईचे दोन्ही हात हातात घेतले.

"आलात! मी अंगणात यांना बघितलं आणि लगेच ओळखलं. किती वर्षांनी! तुमची ती लांब वेणी कुठे गेली?"

टेलरबाईचे केस मानेपर्यंत होते, पहिल्यापासून तेवढेच. तिला समजायला एक क्षण लागला. मग तिच्या तोंडून निघून गेलं, "कापली."

"बरं केलंत. उन्हाळ्यात सुटसुटीत. खोली तुमचीच ठेवलीय बघा, खिडकीजवळची."

तो आत आला तेव्हा म्हातारी चहा टाकायला गेली होती. टेलरबाईने त्याला काही सांगितलं नाही. खोलीत गेली, पिशव्या ठेवल्या, पलंगाच्या कडेवर बसली. खिडकीतून गावाची भिंत दिसत होती आणि तिच्यापलीकडे शेतं. सुंदर दिसत होतं. खिडकीच्या कोणत्या बाजूला त्याची पहिली बायको बसली असेल, असा विचार तिच्या मनात आला आणि मग काही केल्या जाईना. तिला राग आला नव्हता. कोणावर येणार? पण विहीर, पाव, चढावरचं पाणी, सगळंच आधी कोणासाठी तरी झालेलं होतं, आणि आपण दुसऱ्याच्या मापाचा कपडा घालून हिंडतोय असं तिला वाटायला लागलं.

सकाळी ती मुकाट्याने निघाली. त्याने विचारलं, "पाय दुखतायत का?" ती म्हणाली, "नाही." त्याने विचारलं, "झोप झाली ना?" ती म्हणाली, "झाली." तो पुढे जात राहिला, ती मागे राहत गेली. पुढचं गाव दिसू लागलं तेव्हा तो एक ठिपका झाला होता, आणि मग ठिपकाही दिसेनासा झाला.

गावाच्या भिंतीपाशी रस्ता दुभंगला. डावीकडे एक वेस, उजवीकडे दुसरी. तो कुठून गेला, कळायला मार्ग नव्हता. फोन करावा तर दोघांचे फोन त्याच्याच पिशवीत. ती उजवीकडून आत शिरली. चौकापर्यंत गेली, देवळासारख्या उंच घड्याळाच्या मनोऱ्याखाली थांबली. तो नव्हता. परत बाहेर आली. डाव्या वेशीपाशी गेली. तिथेही नव्हता. आपण सकाळपासून धड बोललो नाही, हे तिला आता टोचायला लागलं. त्याला वाटलं असेल, ही कंटाळली. की तो कुठे पडला असेल? सायकलवर बसून ती भिंतीच्या कडेकडेने निघाली, गावाला वळसा घालत.

भिंतीवर एक बाई चादरी वाळत घालत होती. टेलरबाई खालून गेली तेव्हा तिने नुसतं बघितलं. फेरा पुरा होऊन टेलरबाई पुन्हा तिथूनच जाऊ लागली, तेव्हा मात्र बाई भिंतीवरून वाकली.

"अहो, तुम्ही कोणाला शोधताय का?"

"माझ्या... सायकलवर एक गृहस्थ दिसले का? निळी टोपी?"

"आणि घसा बसलेला?" बाईला हसू आवरेना. "मघापासून तुमच्या मागोमाग फिरतायत ते. तुम्ही इकडून गेलात की ते तिकडून उगवतात. तुम्ही जोरात, तेही जोरात. अशाने अंधार पडेपर्यंत भेटायचे नाहीत तुम्ही दोघं. उलट्या फिरा!"

टेलरबाईने सायकल वळवली. बुरुजाचं वळण जवळ आलं तसा तिला आवाज ऐकू आला, घोगरा, फाटलेला. "अहो! अहो!" वाटेवरच्या दोन-तीन बायका दारात येऊन बघत होत्या, हा कोणाला हाक मारतोय म्हणून. मग काही क्षण आवाज थांबला, आणि त्याने जिवाच्या आकांताने हाक मारली, "टेलरबाऽऽई!"

वळणावर ते एकमेकांसमोर आले. तिला ब्रेक सुचला नाही, त्याला सुचला, आणि तिचं पुढचं चाक त्याच्या चाकाला जाऊन भिडलं. त्याने सायकल तशीच टाकून दिली आणि तिचा दंड धरला.

"अगं, होतीस कुठे तू?"

बोलून तो स्वतःच दचकला. "म्हणजे... होतात कुठे तुम्ही?"

"राहू द्या," ती म्हणाली. तिचा जीव भांड्यात पडला होता. "पहिलंच बरं होतं."

ते तिथेच भिंतीला टेकून बसले. दगड उन्हाने तापले होते. त्याने पिशवीतून पाव काढला, अर्धा तिला दिला. तिने तो हातातच धरला.

"एक सांगायचंय," ती म्हणाली. "कालच्या घरमालकिणीला मी तुमची पहिली बायको वाटले. वेणी कुठे गेली, म्हणाल्या."

त्याचं चावणं थांबलं. "मग तू काय सांगितलंस?"

"कापली म्हटलं."

तो हसला. हसता हसताच त्याचे डोळे भरून आले. त्याने टोपी काढून तोंडावर धरली. तिने त्याच्या पाठीवर हात ठेवला.

"मला हा एकच रस्ता येतो," टोपीआडून तो म्हणाला. "खरंच सांगतो. तू नुकती सायकल शिकलेली. म्हटलं, चढ कुठे आहेत ते मला ठाऊक आहे, पाणी कुठे मिळतं ते ठाऊक आहे. तुला त्रास नको. तिच्या आठवणीत तुला फिरवावं, असं मनात नव्हतं गं."

"मग सांगायचं ना. मी विचारलं असतं तिच्याबद्दल. इतकी वर्षं भिंतीपलीकडे होते, पण चार शब्द बोललो असू आम्ही. कशी चालवायची सायकल?"

"वाईट!" तो एकदम म्हणाला. "समोरून वारं आलं की वाऱ्याला शिव्या द्यायची. अगदी घाणेरड्या. आणि मला पुढे जाऊ द्यायची नाही. पुढे गेलो की चिडायची."

"मग आता का जाता?"

त्याने टोपी पुन्हा डोक्यावर चढवली. "मागे राहिलो की समोर तीच दिसेल असं वाटायचं," तो म्हणाला. "सुरुवातीला. आता नाही वाटत. आज तर तूच दिसत नव्हतीस, तर जीव जायची वेळ आली."

टेलरबाईने पाव खाऊन संपवला. मग हात झटकले आणि त्याच्या हँडलला लावलेला नकाशा काढून गुडघ्यावर पसरला. कापड बेतावं तसा तिने त्यावर तळहात फिरवला. "हा रस्ता बघितलाय तुम्ही?"

"नाही."

"हा?"

"नाही. तो कच्चा असेल बहुतेक."

"मग उद्या यानेच जाऊ. मी पुढे."

रस्ता कच्चा निघालाच. खडीवरून चाकं घसरत होती आणि एका शेतात तो चक्क संपलाच, तेव्हा दोघांनी सायकली उचलून ओढा ओलांडला. बदकांचा एक कळप त्यांच्या मागे लागला, आणि पुढे कोणी पळायचं यावरून दोघं इतके हसले की पळायचंच राहिलं. ती दर वळणाला चुकत होती आणि तो मागून "डावीकडे वाटतंय गं!" म्हणत होता, आणि तेही चुकत होतं. या सगळ्यात त्याने पहिल्या बायकोच्या चार गोष्टी सांगितल्या, न अडखळता. तिनेही तिच्या आईच्या सांगितल्या, जिने तिला शिवण शिकवलं होतं.

संध्याकाळी ते एका गावात पोचले, ज्याची निम्मी भिंत पडलेली होती. पडलेल्या दगडांमध्ये कोणीतरी टोमॅटो लावले होते. मुक्कामाची खोली एका बेकरीच्या वर मिळाली. पलंग कडक, जिना उभा. तिचे पाय इतके भरून आले होते, की बूट काढायलाही वाकवेना. त्याने खाली बसून ते काढले, बेकरीवाल्याकडून कोमट तेल मागून आणलं आणि सलूनमध्ये गिऱ्हाइकाची मान दाबतात तशा सवयीच्या हाताने तिच्या पोटऱ्या दाबू लागला.

"दुखतंय का इथे?"

उशीला टेकून, तोंड किंचित उघडं ठेवून टेलरबाई झोपली होती. त्याने तिच्या पायांवर चादर ओढली, आणि खालच्या भट्टीतून येणारा पावाचा वास घेत तो तिच्याशेजारी बसून राहिला.